रिकामं क्रूझ जहाज का हललं? बंदरावरून बघायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रवासी घेऊन निघणाऱ्या क्रूझ जहाजाबद्दल ओळखण्यासारखं फारसं काही उरत नाही. कुठून निघणार, किती वाजता, कुठे कुठे थांबणार, सगळं वर्ष-वर्ष आधी छापून आलेलं असतं. तेच जहाज रिकामं असलं की खरी गंमत सुरू होते. वेळापत्रक नाही, प्रवासी नाहीत, आणि तरी भर दुपारी जहाज नांगर उचलतं, रात्रभर समुद्रात येरझाऱ्या घालतं आणि सकाळी पुन्हा आपल्या जागेवर येऊन उभं राहतं. एवढं धूड हलवायचं तर इंधन जळतं, पायलटचे (बंदरातून जहाज आत-बाहेर नेणाऱ्या वाटाड्याचे) पैसे पडतात, खलाशांची झोपमोड होते. उगाच कोणी हलवत नाही. ते का हललं हे किनाऱ्यावर उभं राहून ओळखायचं, आणि शक्यतो ते हलायच्या आधीच ओळखायचं, हा या छंदाचा गाभा आहे.

हा नाद बऱ्याच जणांना लागला तो २०२० मध्ये. मार्चच्या मध्यावर जगभरच्या क्रूझ कंपन्यांनी फेऱ्या थांबवल्या आणि शेकडो जहाजांना उभं राहायला जागा हवी झाली. बंदरात धक्के मोजकेच, आणि तिथे रोजचं भाडं चढतं. मग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टोरबे, वेमथ, बोर्नमथ इथल्या उथळ उपसागरांत जहाजं नांगर टाकून राहिली. क्वीन मेरी २, आर्केडिया, ऑरोरा, अँथम ऑफ द सीज, अल्युअर ऑफ द सीज अशी एरवी एका ठिकाणी कधी न दिसणारी नावं लोकांना समुद्रकिनाऱ्यावरच्या बाकावरून दिसायला लागली. बोर्नमथजवळच्या मडफर्ड गावातल्या एका होडीवाल्याने तर ही जहाजं जवळून दाखवायच्या फेऱ्याच सुरू केल्या, आणि त्या भरून जायच्या. २० मे २०२१ रोजी एमएससी व्हर्चुओसा याच किनाऱ्यावरच्या साउदॅम्प्टन बंदरातून प्रवासी घेऊन निघालं, तिथून हळूहळू किनारा मोकळा होत गेला.

तेव्हासारखी गर्दी आता नाही, पण रिकामी हालचाल संपलेली नाही. दुरुस्तीच्या गोदीतून परतणारं जहाज, नवं कोरं पहिल्यांदा येणारं जहाज, दोन मोसमांच्या मधे थांबलेलं जहाज, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर सरकणारं जहाज, ही सगळी आजही दिसतात. मी साउदॅम्प्टनच्या बाजूने लिहितोय, कारण इथे शिकणं सोपं आहे. मुंबईकरांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

आधी नकाशा उघडा

मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं असतं. ते जहाजाचं नाव, जागा, वेग, दिशा सतत सांगत राहतं, आणि मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडरसारख्या ॲपवर ते कुणालाही फुकट दिसतं. मरीनट्रॅफिकवर प्रवासी जहाजं निळ्या रंगात असतात. बाकीचे प्रकार गाळून टाका, म्हणजे मालवाहू जहाजांच्या गर्दीत डोळे शिणणार नाहीत.

जहाज सापडलं की त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक लिहून घ्या. मालक बदलतो, झेंडा बदलतो, नाव बदलतं, हा क्रमांक जन्मभर तोच राहतो. नऊ आकडी एमएमएसआय क्रमांकावर विसंबू नका, तो झेंड्याबरोबर बदलतो.

आता ॲपवर दिसणाऱ्या माहितीत काय यंत्र सांगतं आणि काय माणूस, हे नीट समजून घ्या. जागा आणि वेग यंत्राकडून येतात. "नांगरावर", "धक्क्याला बांधलेलं", "इंजिनावर चालू" ही अवस्था मात्र ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला अधिकारी हाताने भरतो. नांगर उचलायच्या धांदलीत ती बदलायची राहून जाते, आणि नऊ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर) पळणारं जहाज नकाशावर अर्धा तास "नांगरावर" दिसतं. नवशिके इथे हमखास फसतात. वेगाचा आकडा बघा, अवस्था नंतर. आणखी एक खूण: नांगरावर किंवा धक्क्याला स्थिर असलेलं जहाज तीन मिनिटांतून एकदा संदेश सोडतं, चालायला लागलं की दर काही सेकंदांनी. म्हणून कुठल्याही जहाजाचा "शेवटचा संदेश" अडीच मिनिटांपूर्वीचा असला तर लगेच ॲपला नावं ठेवू नका.

मुक्कामाचं ठिकाणही हातानेच भरलेलं असतं आणि त्यातच सगळ्यात जास्त माल सापडतो. साउदॅम्प्टनचा संकेत जीबीएसओयू. निघतानाही तोच आणि पोचायचं ठिकाणही तोच, असं दिसलं की समजा, स्वारी बाहेर जाऊन परत येणार आहे. ही जवळजवळ खात्रीने रिकामी फेरी.

मग मागच्या चोवीस तासांचा माग उघडा. नांगरावरच्या जहाजाचा माग म्हणजे एकावर एक पडलेल्या कमानी. नांगर मधे आणि जहाज त्याच्याभोवती फिरत असतं. रोज त्याच कमानी दिसत असतील तर सगळं ठीक. कमानीचा अख्खा गठ्ठाच एका बाजूला सरकलेला दिसला तर नांगर ओढला जातोय, आणि अशा वेळी तासाभरात इंजिन चालू होणार हे नक्की.

याच्या जोडीला साउदॅम्प्टन बंदराची हालचालींची रोजची यादी खुली असते. त्यात आगमन, प्रस्थान आणि शिफ्ट असे प्रकार असतात. शिफ्ट म्हणजे बंदरातल्या बंदरात जागा बदलणं. क्रूझ जहाजाच्या नावापुढे शिफ्ट दिसली की बाकीची कामं बाजूला ठेवा.

कुठे उभं राहायचं

पहिल्यांदा मेफ्लॉवर पार्कला जा. सिटी टर्मिनल म्हणजे १०१ नंबरचा धक्का अगदी लागून आहे, आणि पलीकडे होरायझन १०२ वर, मेफ्लॉवर टर्मिनल १०६ वर. या टर्मिनलांकडे जाणारं किंवा तिथून निघणारं जहाज तुमच्या समोरून जातं. धक्के पश्चिमेला असल्यामुळे सकाळचं ऊन जहाजांवर पडतं; संध्याकाळी मात्र सूर्य डोळ्यांत येतो आणि फोटोत नुसती काळी आकृती उरते. संध्याकाळ असेल तर पाण्याच्या पलीकडे हाइदच्या किनाऱ्यावर जा. तिथून ओशन टर्मिनलचा ४६ आणि क्वीन एलिझाबेथ टर्मिनलचा ३८-३९ नंबरचा धक्का समोर येतो आणि ऊन पाठीशी असतं.

वळणं बघायची तर कॅलशॉट. बाहेरून येणारं जहाज इथे ब्रॅम्बल बँकेच्या वाळूला वळसा घालून अरुंद पाण्यातून आत वळतं. तीनशे मीटरचं जहाज किनाऱ्याच्या इतक्या जवळ एवढं आडवं होताना बघायला मिळणाऱ्या जागा जगात कमीच असतील. कॅलशॉटला जहाज दिसल्यावर शहरातल्या धक्क्यापर्यंत पोचायला त्याला साधारण पाऊण तास लागतो. तिथे फोटो काढून गाडीने हाइद गाठू म्हणाल तर जमतं, पण रस्त्यावर गर्दी नसेल तरच.

नांगरावरची जहाजं बघायची तर उंची लागते. हे लोकांना पटत नाही, म्हणून हिशेबच देतो. वाळूवर उभं राहिलं की डोळे पाण्यापासून दोनेक मीटरवर असतात आणि क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर. त्यापलीकडच्या जहाजाचा खालचा भाग पाण्याआड जातो. नांगराची साखळी, खालचे दरवाजे, लागलेली छोटी बोट, म्हणजे नेमक्या कामाच्या गोष्टी दिसत नाहीत. साठ मीटरच्या कड्यावर गेलात की तेच क्षितिज २८ किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणून टोरबेला ब्रिक्सहॅमजवळचं बेरी हेड, वेमथला पोर्टलंड हाइट्स, बोर्नमथला हेंगिस्टबरी हेड. दुपारी पाण्यावरची हवा थरथरते, दूरचं काही धड दिसत नाही. सकाळी लवकर जा.

ते का हलतं

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पाणी. स्वच्छ आणि घाण, दोन्ही.

प्रवासी नसले तरी जहाजावर माणसं असतातच. उबदार विश्रांती म्हणतात त्या अवस्थेत, म्हणजे यंत्रं चालू ठेवून जहाज उभं असतं तेव्हा, मोठ्या जहाजावरही साधारण शंभर माणसं राहतात. ती जेवतात, अंघोळ करतात, कपडे धुतात. त्यांना लागणारं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून बनवतात आणि बहुतेक जहाजांवर त्यासाठी इंजिनाचीच वाया जाणारी उष्णता वापरतात. नांगरावर असताना एकच जनरेटर कसाबसा चालू असतो, उष्णता पुरत नाही. शिवाय किनाऱ्याजवळचं गढूळ पाणी यंत्रात घ्यायचं नसतं. टाक्या खाली आल्या की बाहेर जावंच लागतं.

सांडपाण्याचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत आणि तोंडपाठ करण्यासारखे आहेत. बारीक करून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पुढे सोडता येतो. काहीच प्रक्रिया न केलेला मैला १२ सागरी मैलांच्या पुढे, आणि तोही जहाज किमान चार नॉट वेगाने चालत असताना. इंग्लिश खाडीत खरकटंसुद्धा बारीक करून १२ मैलांच्या बाहेरच टाकायचं. नव्या जहाजांवर पाणी शुद्ध करायच्या चांगल्या यंत्रणा असतात, तरी लांब जाऊनच सोडायचा शिरस्ता अनेक कंपन्या पाळतात. आता हे आकडे मनात धरून एखाद्या रिकाम्या जहाजाचा रात्रीचा माग बघा. संध्याकाळी निघालं, सरळ दक्षिणेला गेलं, किनाऱ्यापासून १२ मैल ओलांडताच वेग पाच-सहा नॉटवर आला, तिथे चार-पाच तास लांबट चकरा, आणि उजाडता परत. त्या चकरांचं गूढ वाटत होतं ना? गटाराचं काम आहे ते. तीन-चार मैलांवरूनच परत फिरलं तर कारण बहुतेक दुसरं.

दुसरं कारण वारा. मोठ्या क्रूझ जहाजाची पाण्यावर दिसणारी बाजू म्हणजे तीनशे मीटर लांब आणि सुमारे चाळीस मीटर उंच भिंत. बारा हजार चौरस मीटर. जवळजवळ तीन एकरांचं शीड उभारून ठेवल्यासारखं, आणि ते उतरवताही येत नाही. टोरबे पश्चिमेच्या वाऱ्यापासून सुरक्षित आहे, म्हणूनच शिडांच्या जमान्यातलं इंग्लिश आरमारही तिथे आसरा घ्यायचं. पण पूर्वेकडून तो उघडा आहे. वेमथला पोर्टलंडचा डोंगर पश्चिम आणि नैर्ऋत्येचा वारा अडवतो. तेव्हा हवामानाच्या अंदाजात पूर्वेचा जोरदार वारा दिसला की टोरबेमधली जहाजं आदल्या संध्याकाळीच एकामागून एक निघायला लागतात. वादळात ती बंदरात घुसतील असं नवख्याला वाटतं. ती बरोबर उलटं करतात, मोकळ्या समुद्रात जातात आणि वाऱ्याला तोंड देऊन सावकाश चालत राहतात. जहाजाला पाण्याची भीती नसते, भीती जमिनीची असते.

तिसरं, धक्क्याचं राजकारण. धक्के मोजके, आणि पैसे भरलेल्या प्रवाशांचं जहाज येतंय म्हटल्यावर रिकाम्या जहाजाने उठायचं, हा साधा नियम. साउदॅम्प्टनला शनिवार-रविवारी फेऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे शुक्रवार आणि सोमवार या हालचालींचे वार. इथल्या होरायझन आणि मेफ्लॉवर टर्मिनलला २०२२ पासून किनाऱ्यावरची वीज जोडता येते. ती सोय असलेलं जहाज तिथेच बांधायची ओढाताण असते. इंधन भरणं, सामान चढवणं, खलाशी बदलणं हेही यातच आलं. वेमथच्या उपसागरातली जहाजं त्यासाठी आळीपाळीने पोर्टलंडच्या धक्क्याला यायची.

चौथं कारण बाहेरून दिसत नाही. जहाज एका जागी उभं राहिलं की तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, आणि ते धरू नयेत म्हणून लावलेला रंग काम करतो तो जहाज चालत असताना. शिवाय इंजिनं, पाण्याखालचे पंखे, सुकाणू हे सगळं अधूनमधून भाराखाली चालवून बघावं लागतं. अशा फेरीत वेग एकदम अठरा-वीस नॉटवर गेलेला दिसतो, मग सुकाणूच्या चाचणीची नागमोडी वळणं. सांडपाण्याची फेरी कुणी वीस नॉटने करत नाही, म्हणून या दोन्हींत फरक करणं सोपं.

निघायच्या आधीच्या खुणा

आता दुर्बीण काढा.

धक्क्याला बांधलेलं जहाज निघायच्या तासभर आधी धुराड्याकडे बघा. धुराड्यात एक नाही, बऱ्याच नळ्या असतात, प्रत्येक इंजिनाची वेगळी. उभं असताना एखाद्याच नळीवरची हवा थरथरत असते, किंवा किनाऱ्याची वीज जोडली असेल तर एकीवरचीही नाही. दुसऱ्या, मग तिसऱ्या नळीतून काळपट भपकारा येऊन तिथेही हवा नाचायला लागली, म्हणजे इंजिनं वाढवली. याच सुमारास डोलकाठीवरचे रडार फिरायला लागतात. बाजूचे दरवाजे बंद होतात, शिडी आत जाते. डोलकाठीवर अर्धा पांढरा अर्धा लाल झेंडा चढला की पायलट वर आला. इथे ६१ मीटरपेक्षा लांब जहाजाला पायलट सक्तीचा आहे. धक्क्यावर दोर सोडणाऱ्यांची गाडी येऊन थांबली की दहा-पंधरा मिनिटं उरली. आधी जादाचे दोर सुटतात, पुढे-मागे मोजके उरतात, मग ते सैल पडून पाण्यात आपटतात. तेवढ्यात नाळेजवळचं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळचं पाणी धक्क्याच्या बाजूने उकळल्यासारखं होतं: जहाज बाजूला ढकलणारे आडवे पंखे चालू झाले. तीन आखूड भोंगे वाजले तर इंजिनं मागे चालली आहेत; एक लांब म्हणजे जहाज धक्का सोडतंय.

टग (मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटी) दिसले नाहीत म्हणून निराश होऊ नका. धडधाकट क्रूझ जहाज शांत हवेत स्वतःच्या पंख्यांवर जागच्या जागी गर्रकन फिरतं. रिकाम्या जहाजाला पुढे-मागे दोर लावून टग ओढत असतील, धुराडं थंड असेल आणि रडार स्थिर असतील, तर ते मेलेलं जहाज म्हणून हलवलं जातंय. हे दृश्य क्वचित मिळतं, सोडू नका.

नांगरावरून निघणं मला जास्त आवडतं. दिवसा नाळेवर एक काळा गोळा टांगलेला असतो, नांगराची खूण. साखळी वर यायला लागली की नाळेतल्या भोकातून पाण्याचे फवारे सुरू होतात, तळाचा चिखल धुऊन काढायला. तपकिरी पाण्याच्या रेघा पांढऱ्याशुभ्र नाळेवरून खाली ओघळतात. साखळीचा एक तुकडा साडेसत्तावीस मीटरचा. असे आठ-दहा तुकडे बाहेर असतात, त्यामुळे हे काम पाच मिनिटांत उरकत नाही. साखळी हळूहळू उभी, अगदी सरळ खाली जाते, क्षणभर ताणते, आणि नांगर तळ सोडतो. त्याच क्षणी काळा गोळा खाली येतो. नांगर पाण्याबाहेर यायच्या आधीच येतो, कारण कायद्याने आता जहाज चालू झालेलं असतं. मागचं पाणी ढवळलेलं दिसायला अजून एक-दोन मिनिटं लागतात. ॲप तुम्हाला हे सगळं झाल्यावर सांगणार.

रात्री दिव्यांवरून ओळखायचं. नांगरावरच्या जहाजाचा पुढचा पांढरा दिवा उंच आणि मागचा खाली. चालू जहाजाचं उलटं: डोलकाठ्यांवरच्या पांढऱ्या दिव्यांपैकी पुढचा खाली, मागचा उंच, आणि जोडीला लाल किंवा हिरवा. शंभर मीटरहून लांब जहाजाने नांगरावर डेकचे दिवेही लावायचे असतात, त्या झगमगाटात हे दिवे शोधायला सरावच लागतो.

नांगरावर शेजारी शेजारी उभी असलेली जहाजं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. भरलेलं तेलवाहू जहाज बहुतेक पाण्यात बुडालेलं असतं, ते भरती-ओहोटीच्या प्रवाहाला तोंड देतं. क्रूझ जहाज बहुतेक पाण्याबाहेर, ते वाऱ्याला. वारा पडला की तेही प्रवाहाकडे वळतं. साउदॅम्प्टनची भरती तर आणखी तऱ्हेवाईक: इथे भरतीचा माथा दोनदा येतो, त्यामुळे खोल पाणी जास्त वेळ टिकतं आणि मोठ्या जहाजांना हालचालीला वेळ भरपूर मिळतो. भरतीचं कोष्टक मात्र याच बंदराचं घ्या, शेजारच्या बंदरावरून अंदाज बांधू नका.

रिकामं की भरलेलं?

बरेच जण पाण्याच्या रेषेकडे बोट दाखवतात: "बघा, किती वर आलंय, रिकामं आहे." मालवाहू जहाजाला हे लागू पडतं, क्रूझला नाही. हिशेब करा. चार हजार प्रवासी, सामानासकट माणशी पंचाण्णव किलो धरले तरी ३८० टन. एवढ्या मोठ्या जहाजाला एक सेंटिमीटर खाली दाबायलाच शंभर टनांच्या आसपास वजन लागतं. म्हणजे सगळे प्रवासी उतरल्यावर जहाज वर येतं ते जेमतेम चार सेंटिमीटर. इंधन आणि पाण्याच्या टाक्यांनी यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो.

त्याऐवजी बाल्कन्या बघा. खुर्च्या-टेबलं एकावर एक रचून आत घेतलेली, पडदे सगळीकडे एकसारखे. पोहण्याच्या तलावावर जाळी. रात्री खोल्यांच्या रांगा अंधारात आणि खालच्या, खलाशांच्या मजल्यावर तेवढा उजेड. (२०२० मध्ये काही जहाजांनी ठरावीक खोल्यांचे दिवे लावून हृदयाचा आकार केला होता, तो अपवाद.) धक्क्यावर बस आणि टॅक्सींची रांग नाही, बॅगांचे पिंजरे नाहीत.

मुंबईकरांसाठी

मुंबईचा या गोष्टीशी संबंध जुना आणि घरगुती आहे. मुंबई, वसई, कोकण आणि गोवा इथली कितीतरी घरं "मुलगा बोटीवर आहे" या वाक्यावर चालतात. २३ एप्रिल २०२० ला मरेला डिस्कव्हरी मुंबईला आलं ते प्रवाशांसाठी नव्हे, अडकलेल्या सुमारे दीडशे भारतीय खलाशांना घरी उतरवायला. त्याच वर्षी कर्णिका मुंबईच्या पाण्यात अडकून पडलं. १९९० मध्ये इटलीत क्राउन प्रिन्सेस म्हणून बांधलेलं हे जहाज, २०१९ मध्ये जलेश क्रूझेसकडे आलं. वर्षभरात कंपनीचा धंदा बसला, जहाज विकलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला चढवलं गेलं. मार्को पोलो हे १९६५ चं जुनं जहाजही इंग्लंडहून तिथेच आलं, जानेवारी २०२१ मध्ये. रिकाम्या जहाजाच्या मुक्कामात अलंग दिसलं, त्यातही नाव नुकतंच कापून दोन-चार अक्षरांचं केलेलं असलं, तर ती शेवटची फेरी. आयएमओ क्रमांक लिहून ठेवायचा तो याचसाठी.

आज मुंबईत बघायला कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस आहे, तेही १९९० चंच, आणि ऑक्टोबर ते एप्रिलच्या मोसमात येणारी परदेशी जहाजं. क्रूझ जहाजांचा धक्का, म्हणजे बॅलार्ड पिअर, गेटवेवरून नीट दिसत नाही, मधे नौदलाची गोदी येते. त्यासाठी गेटवेहून घारापुरी किंवा मांडव्याची लाँच पकडा, वरच्या मजल्याचे थोडे पैसे जास्त द्या आणि उघड्या बाजूला बसा. नांगरावर उभी असलेली जहाजं वाटेत लागतात. लाँच हलते, त्यामुळे दुर्बिणीचा उपयोग कमी, डोळे उघडे ठेवा. नौदलाच्या जहाजांचे आणि गोदीचे फोटो काढू नका. कुणी विचारलं तर कॅमेरा दाखवायची तयारी ठेवा. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात. इथे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, साउदॅम्प्टनसारखा भरतीचा लांब माथा नाही, तेव्हा हालचालींच्या वेळा जास्त काटेकोर असतात.

सामान, नियम आणि वही

दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ घ्या. दहापटीची वाऱ्यात हातात धरून स्थिर राहत नाही. वारा अडवणारं जाकीट, थर्मासमध्ये चहा, मोबाइलसाठी जादा बॅटरी. नकाशाचं ॲप ती भराभर खातं.

सागरी रेडिओ ऐकायचा मोह होतो. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकणं कायद्यात बसत नाही आणि भारतात असा संच ठेवायलाच परवाना लागतो, तेव्हा तो नाद नको. बंदरावर ड्रोन उडवू नका. होडीने जवळ जायचं असेल तर लक्षात ठेवा: साउदॅम्प्टनच्या अरुंद पाण्यात दीडशे मीटरहून लांब जहाजाच्या पुढे एक हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर हा पट्टा छोट्या होड्यांना बंद असतो, आणि तो जहाजाबरोबर सरकत राहतो. पुढे गस्तीची बोट धावत असते, ती हाकलून लावते.

वहीत प्रत्येक हालचालीला एक ओळ पुरे: तारीख, जहाज, किती वाजता हललं, वारा कुठला, भरती की ओहोटी, माझा अंदाज. अंदाज जहाज हललं त्याच क्षणी लिहा, दुसऱ्या दिवशी माग बघून खरं कारण त्यापुढे. नंतर सुचलेला अंदाज सगळ्यांचाच बरोबर असतो. नमुना असा:

"शुक्र., सायं. ६.१०. नांगर उचलला. वारा नैर्ऋत्य, मंद. ओहोटी. अंदाज: सांडपाणी. — दक्षिणेला १४ मैल, ५ नॉट, पहाटे ५ ला परत त्याच जागी. बरोबर."

अंदाज चुकलेल्या ओळी खोडू नका. बहुतेक वेळा वाऱ्याचा रकाना रिकामा सोडलेला सापडेल.